पेन्सिलीच्या फुल्या

सही कुठे करायची तिथे आधीच
पेन्सिलीच्या बारीक फुल्या होत्या.
कंपनीचा माणूस, तेवतिया, सज्जन वाटला.
येताना पेढे घेऊन आला, आमच्याच गणपती पेठेतले,
आणि पानं उलटत गेला.
फुली, सही. फुली, सही.
शेहेचाळीस पानं, सगळी इंग्रजी.
जिनेंद्रची मालक म्हणून,
माझी जामीनदार म्हणून.
शाळेत गिरवलेली माझी सही,
अनुपमा, खाली रेघ, रेघेखाली दोन टिंबं.
प्रत्येक पानावर मी टिंबं मनापासून दिली.

मारुती चौकात निळी पाटी लागली.
चहा त्यांचा, कप त्यांचे, मशीन त्यांच्याकडूनच घ्यायचं,
साखर किती तेही दिल्लीकडून कळायचं.
गिऱ्हाईक म्हणायचं, वहिनी, आलं जरा जास्त घाला.
मी म्हणायचे, नाही हो चालत.
कुणाला चालत नाही, ते कुणी विचारलं नाही.

मग तो पावसाळा.
आयर्विनच्या खांबावरचा आकडा पंचेचाळीसच्या वर गेला
आणि चौकात होड्या फिरल्या.
बारा दिवसांनी शटर उचललं तर
गाळात आडवं मशीन, त्यात एक मेलेला मासा.
कंपनीचा मेल आला.
दैवी आपत्तीचं कलम माल पाठवण्याला लागू.
रॉयल्टीला नाही.

करार संपला तसा दुकानाचा फोन नंबरही त्यांचा झाला.
हाच नंबर मी मुलीच्या शाळेत दिला होता.
तिला ताप भरला त्या दुपारी बाईंनी फोन लावला,
पलीकडून कुणी मुलगी गोड आवाजात म्हणाली,
आमच्या परिवारात आपलं स्वागत आहे.

उपाध्ये वकिलांचं ऑफिस विजयनगरला,
खिडकीतून कोर्टाची इमारत दिसते.
चष्मा कपाळावर, बोट कागदावर.
दोन वर्षं, पाच किलोमीटर,
चहा वा तत्सम खाद्यपदार्थ विकायचा नाही.
मी म्हटलं, माझ्या वडिलांचं भडंग आहे खणभागात,
चाळीस वर्षांचं. तिथं बसायचं म्हणते मी आता.
भडंग तत्सम असतं का?
ते हसले नाहीत.
म्हणाले, हे कलम टिकायचं नाही, वहिनी,
करार कायदा, सत्तावीस.
मला इतकं बरं वाटलं की मी पाणी मागितलं.
पाणी येईपर्यंत ते पुढे वाचत होते.
पण टिकत नाही हे सांगायला
गुरुग्रामला जावं लागेल.
लवाद एक, तो त्यांनी नेमायचा,
निम्मी फी तुमची.
पान एकोणतीस. ही तुमचीच ना सही?
माझीच. दोन्ही टिंबं जागेवर.
खिडकीबाहेर कोर्टाच्या पायऱ्यांवर
कुणीतरी डबा खात बसलं होतं.
सिटी बसचं पंधरा रुपये तिकीट काढून मी आले होते इथवर.

मग कराडचा एक, जतचा एक, इस्लामपूरचे ते कुलकर्णी,
सगळे याच पाटीखाली बुडालेले, आपण मिळून लढू म्हटलं.
उपाध्ये म्हणाले, पान एकतीस.
एकत्र रडायचं नाही
असंही एक कलम निघालं.

आता पहाटे मी घरातच लसूण परतते,
शेंगदाणे, मिरची, तेल जरा जास्तच.
वास जाळीच्या दारातून रस्त्यावर जातो,
पाच किलोमीटर जातो की नाही कुणी मोजलेलं नाही.
जिनेंद्र म्हणतो, दार लाव.
मी लावत नाही.

काल चुरमुऱ्याचं पोतं उतरवून
हमालानं पावती पुढे केली, ताई, सही.
मी म्हटलं, थांब.
चष्मा आणला. वाचलं. मग उलटून पाहिलं.
तो घाम पुसत उभा, म्हणाला, मागं काय नसतंय ओ.
खरंच काही नव्हतं,
हळदीच्या पेठेतून आलेला
कुणाचा तरी पिवळा अंगठा फक्त.
तरी मी तोही नीट बघितला.